स्टार्टअपमधली प्रॉडक्ट लीडरशिप आणि कंपनी कल्चर म्हणजे काय? शिरूर-दौंडमधल्या एका हिरव्या बटणाची गोष्ट

'स्टार्टअप कल्चर' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? बीन बॅग, फुकट कॉफी, शुक्रवारचा पिझ्झा आणि बॉसला थेट नावाने हाक. 'प्रॉडक्ट लीडर' म्हटलं की स्टेजवर उभं राहून नवीन फोन दाखवणारा माणूस. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं.

आज काही वर्षांनी सांगतो, या दोन्ही शब्दांचा अर्थ मला कळला तो शिरूर तालुक्यातल्या एका विहिरीच्या कडेला, रात्री साडेदहा वाजता, हातात बॅटरी घेऊन उभं असताना. ती गोष्ट पुढे येईलच. त्याआधी हे शब्द सोप्या भाषेत समजून घेऊ. आणि शेवटी, तुम्ही एखाद्या स्टार्टअपमध्ये मुलाखतीला गेलात तर तिथलं कल्चर ओळखायला कोणते प्रश्न विचारायचे, तेही बघू.

प्रॉडक्ट मॅनेजर नेमकं काय करतो?

कोणत्याही ॲपमागे साधारण तीन प्रश्न असतात. काय बनवायचं आणि का? ते कसं बनवायचं? आणि कधीपर्यंत, कुणी बनवायचं? 'कसं' हा इंजिनिअरचा प्रश्न. 'कधी आणि कुणी' हा प्रोजेक्ट मॅनेजरचा. 'काय आणि का' हा प्रॉडक्ट मॅनेजरचा. काय बनवायचं नाही, हेही त्यानेच ठरवायचं असतं आणि ते जास्त अवघड असतं.

हे काम सॉफ्टवेअरच्या आधीपासून आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघत होता. त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं, की एका ब्रँडची संपूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी आणि त्याने दुकानांत फिरून माल का खपतो, का खपत नाही हे स्वतः बघावं. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचं मूळ लोक त्या टिपणात शोधतात. त्यात 'स्वतः जाऊन बघणं' पहिल्यापासून होतं, हे लक्षात ठेवा.

प्रॉडक्ट लीडर म्हणजे या निर्णयांची पद्धत ठरवणारा. कोणता आकडा महत्त्वाचा मानायचा, कुणाचं ऐकायचं, रिलीज कुणी थांबवू शकतं, हे तो ठरवतो.

मग कल्चर म्हणजे काय?

याच्या व्याख्या ढिगाने मिळतील. माझी व्याख्या अगदी कामापुरती आहे. काहीतरी चुकतंय हे ज्याला सगळ्यात आधी कळतं, त्याच्यापासून ते दुरुस्त करू शकणाऱ्या माणसापर्यंत ती बातमी किती वेळात पोचते आणि पोचेपर्यंत किती खरी राहते, हे त्या कंपनीचं कल्चर. चांगली बातमी कुठल्याही कंपनीत धावत वर जाते. परीक्षा असते ती वाईट बातमीची.

पुण्यातली दोन उदाहरणं

पहिलं क्विक हीलचं. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण थांबलं आणि पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, कॉम्प्युटर आले तेव्हा तेही शिकून घेतले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. कॉम्प्युटर शिकलेले धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच क्विक हील अँटिव्हायरस उभा राहिला. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. सुरुवातीला या भावांना वेगळा कस्टमर सर्व्हे करायची गरज नव्हती. तक्रार घेऊन येणारा माणूस काउंटरवरच उभा असायचा.

दुसरं नॅनो गणेशचं. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांच्या आजोबांना पंप चालू करायला रात्री-अपरात्री शेतावर चालत जावं लागायचं. त्यातून ओस्तवाल यांनी ओशियन ॲग्रो ऑटोमेशन या कंपनीतर्फे नॅनो गणेश बनवलं. स्टार्टरच्या पेटीला जोडलेलं हे मोबाईल यंत्र साध्या बटणाच्या फोनवरूनही चालायचं. फोन लावायचा, आकडा दाबायचा, की पंप चालू किंवा बंद. पंपावर लाईट आहे की नाही, हेही घरबसल्या कळायचं. २००९ साली नोकियाच्या 'कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स' स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. स्मार्टफोन खेडोपाडी पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे.

दोन्हीकडे त्रास बघणारा आणि वस्तू बनवणारा यांच्यात अंतर नव्हतं. एक तर तोच माणूस, नाहीतर भाऊ, नाहीतर नातू. स्टार्टअप वाढतो तसं हे अंतर वाढत जातं. मध्ये सपोर्ट टीम येते, डीलर येतो, रिपोर्ट येतो, डॅशबोर्ड येतो. प्रॉडक्ट लीडरचं खरं काम इथे सुरू होतं.

शिरूर-दौंडमध्ये पंपाचं ॲप कशाला लागतं?

मी ज्या स्टार्टअपमध्ये होतो तो वर सांगितलेल्या कंपन्यांपेक्षा वेगळा. त्याचं नाव इथे घेत नाही. आम्ही शेतीपंपासाठी कंट्रोलर आणि त्याचं स्मार्टफोन ॲप बनवत होतो. आमचे बरेच ग्राहक शिरूर आणि दौंड तालुक्यांत होते. घोड, कुकडी, भीमा, मुळा-मुठा या नद्या, चासकमान आणि खडकवासल्याचे कालवे यांमुळे इथे ऊस आहे, कांदा आहे, आणि बांधाबांधावर मोटर आहे.

अडचण लाईटची. शेतीपंपाला थ्री-फेज लाईट चोवीस तास नसते. ठरलेल्या चक्राने काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की रात्री दारं धरायला जावं लागतं. थंडी, साप-विंचू तर आहेतच, पण शिरूरमध्ये बिबट्याही आहे. वनखात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड यांच्याबरोबर शिरूर तालुकाही येतो. दाट उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, तिथेच त्याची पिल्लं वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह माणसं गेली आणि लोक रस्त्यावर उतरले. शेतीला दिवसा वीज द्यायला राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. पण ती प्रत्येक डीपीपर्यंत पोचत नाही तोवर रात्रीची फेरी चुकत नाही.

त्यामुळे आमच्या ॲपचं खरं वचन 'मोबाईलवरून पंप चालवा' इतकंच नव्हतं. 'रात्री शेतात जाऊ नका, घरी झोपा', हे ते वचन होतं.

आमचं हिरवं बटण

ॲपमध्ये एक मोठं बटण होतं. ते दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि पंप खरंच चालू झाल्याचा निरोप आला की बटण हिरवं व्हायचं. नेटवर्क कमी असेल तर यात अर्धा मिनिट जायचा. 'ॲप स्लो आहे' अशी तक्रार यायची.

मग एका अपडेटमध्ये आम्ही ठरवलं, की बटण लगेच हिरवं करायचं. सर्व्हरने निरोप घेतला की झालं. या पद्धतीला 'ऑप्टिमिस्टिक यूआय' म्हणतात. काम होईलच असं गृहीत धरून स्क्रीन आधीच बदलायची. इन्स्टाग्रामवर लाईक दाबलं की हृदय लगेच लाल होतं, ते याच पद्धतीने. लाईक पोचलं नाही तरी कुणाचं काही जात नाही. पंपाचं तसं नसतं.

तो कोड मी लिहिला होता. ऑफिसच्या टेबलावर कंट्रोलर ठेवून टेस्टिंग केलं. शेजारी वायफाय, फुल रेंज. प्रत्येक वेळी दोन सेकंदांत काम व्हायचं. मनात शंका होती. कोडमध्ये एक ओळ लिहूनही ठेवली होती, की 'पंप खरंच चालू झाला का, हे नंतर तपासायचं'. पण गुरुवारी रिलीज होता, सगळे खूश होते, आणि मी ती शंका बोलून दाखवली नाही. कल्चरची सुरुवात अशीच होते. कुणी मला गप्प बसवलं नव्हतं. मीच बसलो होतो.

व्हॉट्सॲपच्या टिकवरून समजून घ्या

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की आधी घड्याळ दिसतं. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन टिक म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, निळ्या टिक म्हणजे वाचला. आम्ही काय केलं, तर एक टिक आली असताना निळ्या टिक दाखवल्या.

पंपाच्या बाबतीत निरोपाचे टप्पे असे असतात:

१. ॲपचा निरोप सर्व्हरपर्यंत गेला.
२. सर्व्हरचा निरोप विहिरीवरच्या कंट्रोलरमधल्या सिमपर्यंत पोचला.
३. कंट्रोलरने स्टार्टर ओढला.
४. मोटरमध्ये करंट वाहू लागला.
५. पाणी आलं.

यातला प्रत्येक टप्पा वेगळा फसू शकतो. विहिरीवर रेंज नसते. एक फेज गेलेला असतो. स्टार्टर ट्रिप होतो. आणि विहीर आटली असेल तर मोटर फिरते पण पाणी येत नाही. याला ड्राय रन म्हणतात. तेव्हा करंट नेहमीपेक्षा कमी दिसतो, आणि मोटर तशीच चालत राहिली तर जळते.

अशा यंत्रांमध्ये निरोपासाठी बहुतेक वेळा एमक्यूटीटी नावाची पद्धत वापरतात. ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली. तिच्यात निरोप 'मिळाला' अशी पोच येते. पण पाठवणाऱ्याला ती पोच मधल्या सर्व्हरकडून येते, शेवटच्या यंत्राकडून नाही. पोस्टात पत्र टाकल्याची पावती म्हणजे पत्र घरी पोचल्याची खूण नव्हे. मला हे माहीत होतं, तरी मी पावतीवर हिरवा रंग लावला होता.

आलेख चढत होता, आम्ही टाळ्या वाजवत होतो

अपडेटनंतरच्या आठवड्यात डॅशबोर्डवर एक आकडा झपाट्याने वाढला. लोक दिवसातून किती वेळा ॲप उघडतात, तो आकडा. रात्रीचा वापर तर खूपच वाढला होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये तो आलेख मोठ्या स्क्रीनवर लावला. 'लोकांना नवीन बटण आवडलं', असा निष्कर्ष निघाला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

खरं कारण आम्हाला नंतर कळलं. लोकांचा बटणावरचा विश्वास उडाला होता, म्हणून ते पुन्हा पुन्हा ॲप उघडून बघत होते.

इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराचा सोपा अर्थ असा, की एखादा आकडा हेच ध्येय बनवलं की तो आकडा खरी परिस्थिती सांगेनासा होतो. सोशल मीडियाच्या कंपनीला ॲप जास्त वेळा उघडलं जाणं हवं असतं. पंपाचं चांगलं ॲप रात्रीतून एकदा उघडायचं आणि झोपायचं. आम्ही दुसऱ्याच धंद्याचा आकडा आपल्या भिंतीवर टांगला होता.

सोळा दिवस बातमी कुठे अडकली?

दौंड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ॲपमध्ये पंप 'बंद' केला. ॲप म्हणालं, बंद झाला. तो झालाच नव्हता. विहीर तळाला गेली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. रिवाइंडिंगचा खर्च झालाच, शिवाय त्याच्या रात्रपाळीचे ते दिवस पाण्याविना गेले.

अपडेटपासून ही बातमी माझ्या टेबलावर यायला सोळा दिवस लागले. नंतर आम्ही तिचा माग काढला, तेव्हा वाटेत तिचं काय काय झालं ते दिसलं:

- शेतकरी दुकानदाराला म्हणाला: "ॲप सांगतंय बंद, अन् मोटर चालूच. खोटं बोलतंय तुमचं ॲप."
- दुकानदाराने सपोर्टला फोन केला: "ॲपमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे."
- सपोर्टच्या मुलीने तक्रार फॉर्ममध्ये भरली. तक्रारीचं कारण निवडायला तिथे पाच पर्याय होते. 'ॲप चुकीचं दाखवतं' हा पर्यायच नव्हता. तिने सगळ्यात जवळचा निवडला: 'नेटवर्क'.
- आठवड्याच्या रिपोर्टमध्ये आलं: 'नेटवर्कविषयक तक्रारींत किरकोळ वाढ.'
- मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं: "टॉवरचं काम चालू असेल."

बघा, कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येक पायरीवर बातमी थोडी मऊ झाली, एवढंच. 'खोटं बोलतंय' पासून 'किरकोळ वाढ' पर्यंत.

सपोर्टच्या त्या मुलीला मात्र तिसऱ्या दिवशीच सगळं कळलं होतं. एकसारखे नऊ-दहा फोन तिने घेतले होते. तिने ते का सांगितलं नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, "इंजिनिअरिंगच्या ग्रुपमध्ये मी नाहीये. आणि सगळे त्या ग्राफवर खूश होते."

विहिरीच्या कडेला

मोटर जळाल्याचं कळल्यावर आमच्या प्रॉडक्ट हेड आणि मी गाडी काढून निघालो. आधी दौंडला त्या शेतकऱ्याकडे, मग चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरच्या बाजूला दुसऱ्या काही ग्राहकांकडे. रात्र झाली. एका घरी जेवण झाल्यावर ते काका उठले, बॅटरी घेतली, काठी घेतली.

मी विचारलं, "काका, ॲपमध्ये तर हिरवं दिसतंय ना?"

ते म्हणाले, "दिसतंय की. पण मोटर चालू हाय का नाय, ते जाऊनच बघावं लागतंय. आधी येका ठिकाणी बघत हुतो, आता दोन ठिकाणी बघतो."

आम्ही त्यांच्यामागे गेलो. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. ते मध्येच थांबून जोरात खाकरायचे, काठी आपटायचे. विहिरीवर पोचलो तेव्हा मोटर बंद होती. माझ्या हातातल्या फोनवर बटण हिरवं होतं.

जी फेरी बंद करायला आम्ही पैसे घेत होतो, तीच आमच्या अपडेटने पुन्हा सुरू केली होती. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

'चूक कुणाची?' हा प्रश्न बाजूला ठेवणं

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला मी राजीनाम्याच्या तयारीनेच गेलो होतो. प्रॉडक्ट हेडचं पहिलं वाक्य होतं, "रिलीजला हो मी म्हटलं होतं. ग्राफ मी स्क्रीनवर लावला होता." मग त्यांनी सपोर्टच्या मुलीला आधी बोलायला सांगितलं. मला शेवटी.

या पद्धतीला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात, म्हणजे दोषी न शोधता केलेली चिकित्सा. विमानवाहतूक आणि आरोग्यसेवेतून ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली. ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या एट्सी कंपनीचे जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये त्यावर लिहिलं. २०१६ मध्ये गुगलच्या इंजिनिअरांनी सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर जे पुस्तक काढलं, त्यात या विषयाला एक आख्खं प्रकरण आहे. 'कुणी केलं?' ऐवजी 'त्या वेळी त्या माणसाला ते बरोबर का वाटलं?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला लोक लपवतात. दुसऱ्याला सांगतात.

यामागे अभ्यासही आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटं. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. पुढे या गोष्टीला 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' हे नाव रूढ झालं. सोप्या मराठीत, खरं बोलल्यावर आपल्याला त्रास होणार नाही, ही खात्री.

मात्र दोष न देणं म्हणजे जबाबदारी न घेणं नव्हे. मोटरचा खर्च कुणी द्यायचा, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. 'नेटवर्कची हमी आम्ही देत नाही, असं अटींमध्ये लिहिलंय', असं एकाचं म्हणणं होतं. शेवटी कंपनीने खर्च दिला. पण उशिरा दिला, आणि काही ग्राहक गेले ते परत आले नाहीत. पोस्टमॉर्टेम कितीही चांगलं झालं तरी गेलेला विश्वास त्याने परत येत नाही.

लाईन थांबवायची दोरी

शिरूर तालुक्यातच रांजणगाव एमआयडीसी आहे. तिथे कारखान्यात लाईनवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारा, चालू लाईन थांबणं ही केवढी मोठी गोष्ट असते. प्रत्येक मिनिटाचा हिशोब असतो. असं असूनही टोयोटाने आपल्या कारखान्यांत प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी दिली. तिला अँडॉनची दोरी म्हणतात. दोष दिसला की दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो. तेवढ्या वेळात दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर लाईन थांबते.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी कॅलिफोर्नियात मिळून कारखाना सुरू केला. जनरल मोटर्सच्या तिथल्या जुन्या कारखान्यात काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही, असा दंडक होता. आता त्यातल्याच बऱ्याच कामगारांच्या हाती दोरी आली आणि गाड्यांचा दर्जा सुधारला.

सॉफ्टवेअरमध्येही अशी दोरी लागते. प्रश्न एवढाच, ती कुणाच्या हातात आहे?

आम्ही काय बदललं?

- बटणाचे तीन टप्पे केले. निरोप गेला की एक टिक, कंट्रोलरने घेतला की दोन टिक, आणि मोटरमध्ये करंट दिसला तरच हिरवं. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर मोठ्या अक्षरांत 'खात्री नाही'.
- भिंतीवरचा आकडा बदलला. 'ॲप किती वेळा उघडलं' काढून 'शंभरपैकी किती निरोपांची मोटरवरून खात्री मिळाली' हा लावला. तो आधीच्यापेक्षा दिसायला वाईट होता. तो तसाच लावला.
- सपोर्ट टीमच्या हाती दोरी दिली. एकाच प्रकारच्या तीन तक्रारी आल्या की त्यांनी रिलीज थांबवायचा. परवानगी लागणार नाही.
- फॉर्ममध्ये मोकळी जागा ठेवली आणि ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहायचा नियम केला. 'खोटं बोलतंय' म्हटलं असेल तर 'खोटं बोलतंय' असंच.
- प्रत्येक इंजिनिअरने पंधरवड्यातून अर्धा दिवस सपोर्टचे फोन घ्यायचे आणि टेस्टिंग टेबलावर न करता विहिरीवर करायचं.

शेवटचा नियम सगळ्यात आधी ढिला पडला. कामाचा दबाव आला की 'या वेळी राहू दे' सुरू होतं. प्रॉडक्ट हेड स्वतः फोनवर बसल्या की तो पुन्हा चालू व्हायचा. कल्चर भिंतीवरच्या पोस्टरने टिकत नाही. दबावाच्या आठवड्यात लीडर कुठली गोष्ट सोडत नाही, त्यावर टिकतं.

मुलाखतीत हे प्रश्न विचारा

मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारतात. तेव्हा बीन बॅगचं विचारू नका. हे विचारा:

१. मागच्या सहा महिन्यांत तुम्ही मागे घेतलेला एखादा रिलीज सांगाल का? चूक आधी कुणाच्या लक्षात आली?
२. सपोर्ट टीमचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत कसं पोचतं? किती दिवसांत?
३. तुमच्या डॅशबोर्डवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा कोणता? तो वाढला आणि ग्राहकाचं नुकसान झालं, असं होऊ शकतं का?
४. ग्राहकाला तुम्ही स्वतः शेवटचं कधी भेटलात?
५. नवीन आलेल्या माणसाने रिलीज थांबवला तर काय होतं?

उत्तरं परिपूर्ण नसली तरी चालतील. पण पहिल्या प्रश्नाला 'आमच्याकडे असं होत नाही' असं उत्तर आलं, तर सावध व्हा. असं सगळीकडे होतं. तिथे ते वरपर्यंत पोचत नाही, एवढाच अर्थ.

नेहमी पडणारे दोन प्रश्न

*प्रॉडक्टमध्ये काम करायला एमबीए लागतं का?* काही कंपन्या मागतात, पण कामाचा गाभा वेगळा आहे. क्विक हीलची गोष्ट दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाली. ग्राहकाचं नीट ऐकणं, त्याचा त्रास स्वतः बघणं आणि सगळ्या मागण्यांतून एक निवडणं, हे ज्याला जमतं त्याला बाकीचं शिकता येतं.

*मी गावाकडचा आहे, याचा फायदा होतो का?* तुम्ही ज्या लोकांसाठी बनवताय त्यांच्यातलेच असाल तर नक्की होतो. मात्र मीही अशाच भागात वाढलो आणि तरी टेबलावरच्या टेस्टिंगवर विश्वास ठेवला. माहीत असणं आणि ऑफिसात बसल्यावर ते आठवणं, यात फरक आहे.

नवीन बटण आल्यावर काही आठवड्यांनी सपोर्टच्या पाळीवर मीच होतो आणि शिरूरच्या त्याच काकांचा फोन आला. दुसरी टिक यायला फार वेळ लागतो, अशी तक्रार होती. मी विचारलं, "मग रात्री बघायला जाता का?" म्हणाले, "नाय. हिरवं होईस्तोवर खाटंवरच बसून राहतो. पण जरा लवकर करा."

ती तक्रार मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतली. त्याच दिवशी ती प्रॉडक्ट हेडच्या टेबलावर होती.